जुन्या कॅसेटमधलं शूटिंग कॉम्प्युटरवर घेताना

कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची म्हटलं की दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतो. चांगलं कुठलं, फुकट कुठलं मिळतं, मोबाईलवर जमेल का. सॉफ्टवेअरचं सांगतो, पण त्याला अजून वेळ आहे. चित्र कसं येणार हे त्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं. कॅसेट कुठल्या मशीनवर वाजवली, त्या मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, स्वच्छ होतं का आणि सिग्नल कुठल्या वायरने बाहेर काढला, यावर सगळं अवलंबून असतं. तिथे जे हुकलं ते पुढे कुठल्याही एडिटिंगने परत येत नाही.

मी सांगलीत खणभागात बसतो. १९९० च्या दशकात खांद्यावर पॅनासोनिकचा एम-३००० कॅमेरा घेऊन मिरज, तासगाव, विटा, पार जतपर्यंत लग्नं शूट केली. आता त्या जोडप्यांची मुलं कॅसेट घेऊन येतात. त्यात गेलेले आजोबा चालताना दिसतात, आजी उखाणा घेताना ऐकू येते. ज्यांना हे काम घरी, स्वतःच्या हातांनी करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. घाई करा असं मात्र आवर्जून सांगतो. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, ती शेवटची कंपनी होती. आज जे मशीन मिळेल ते जुनंच असणार, आणि चालू मशीन वर्षागणिक कमी होत आहेत.

हातात कुठली कॅसेट आहे

पुस्तकाएवढी मोठी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. लग्नाची कॅसेट बहुतेक हीच. पाठीवर ई-१८० लिहिलेलं असेल तर ती तीन तासांची. तळहातात मावणारी पण जाडजूड असेल तर ती व्हीएचएस-सी. आतली पट्टी तीच अर्ध्या इंचाची, फक्त डबी लहान आणि वेळ ३० किंवा ४५ मिनिटं. ही अॅडॅप्टरच्या मोठ्या खोक्यात घालून साध्या व्हीसीआरवर वाजते. बहुतेक अॅडॅप्टरला पेन्सिल सेल लागतो. अॅडॅप्टर बरीच वर्षं पडून असेल तर कॅसेट घालण्याआधी झाकण उघडून बघा, जुना सेल आत फुटलेला असतो.

ऑडिओ कॅसेटसारखी दिसणारी कॅसेट ८ मिलिमीटरची. ती व्हिडिओ-८ किंवा हाय-८. गल्फमध्ये नोकरीला गेलेल्या मंडळींनी आणलेल्या सोनीच्या हॅन्डीकॅममध्ये हीच असायची. हिला व्हीसीआरमध्ये घालायचा अॅडॅप्टर कुठेच मिळत नाही, कारण तो कधी बनलाच नाही. व्हीएचएसची पट्टी १२.६५ मिलिमीटर रुंद आणि ही ८ मिलिमीटर, त्यामुळे ते शक्यच नव्हतं. ही वाजवायला कॅमेराच लागतो. त्याहून छोटी मिनीडीव्ही. तिच्यावर आधीपासूनच डिजिटल रेकॉर्डिंग आहे. तिला टीव्हीच्या पिवळ्या पिनेतून काढू नका, फायरवायरच्या (डिजिटल कॅमेरा थेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या) केबलने जसंच्या तसं उतरवून घ्या.

लग्नाच्या कॅसेटबाबत एक चौकशी जरूर करा. घरातली कॅसेट बहुधा मिक्सिंग झालेली, वर सिनेमाची गाणी टाकलेली कॉपी असते. अॅनालॉगमध्ये प्रत्येक कॉपीला चित्र मऊ होतं आणि रंग पसरतात. त्या वेळच्या शूटिंगवाल्याकडे मूळ कॅसेट शिल्लक असेल तर ती मागा. आमच्या धंद्यात बहुतेकांनी त्याच कॅसेटवर पुढचं लग्न शूट केलं, कोरी कॅसेट महाग पडायची. पण ज्यांनी ठेवली त्यांच्याकडे चित्र तर चांगलं आहेच, शिवाय खरा आवाज आहे: मंगलाष्टका म्हणणारे मामा, रुखवताजवळची बायकांची बोलणी, वरातीतला बँड. मिक्सिंगमध्ये हे सगळं गाण्याखाली दाबलं गेलेलं असतं.

मशीन

ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच चालू असेल तर सगळ्यात उत्तम, कारण ज्या हेडने लिहिलं तेच हेड वाचतं. हाय-८ आणि व्हिडिओ-८ साठी सोनीचे डिजिटल-८ कॅमेरे शोधा. १९९९ पासून आलेल्या या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे जुन्या अॅनालॉग कॅसेटही वाजवतात आणि आतल्या आत डिजिटल करून फायरवायरमधून बाहेर देतात. सगळे मात्र देत नाहीत. विकत घ्यायच्या आधी मॉडेलचं मॅन्युअल उघडून खात्री करा. मेनूमध्ये टीबीसी (डगमगणारं चित्र सरळ करणारं) आणि डीएनआर (चित्रातले दाणे कमी करणारं) असे पर्याय असतील तर टीबीसी चालू ठेवा. डीएनआर दोन्ही प्रकारे बघून ठरवा, कधीकधी ते चेहऱ्यावरचा बारकावा पुसून टाकतं.

व्हीएचएससाठी एस-व्हिडिओ आउटपुट (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून देणारं) असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे वरच्या दर्जाचा व्हीसीआर मिळाला तर भाग्य. नाहीतर घरातला साधा व्हीसीआर किंवा व्हीसीपी, म्हणजे नुसतं वाजवणारं मशीनही चालेल, तो धडधाकट असला म्हणजे झालं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये रबराचे बेल्ट सैल झालेले असतात आणि टेप पुढे ओढणारा पिंच रोलर दगडासारखा कडक झालेला असतो. असं मशीन टेप खातं. म्हणून पहिल्यांदा लग्नाची कॅसेट घालायची नाही. भंगारातून एखादी जुन्या सिनेमाची कॅसेट आणा. ती पूर्ण पुढे, पूर्ण मागे, मग अर्धा तास वाजवून बघा. बाहेर काढून टेपच्या कडा बघा. कडेला चुणी पडली असेल तर मशीन आधी दुरुस्तीला.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मेलेल्याच असतात, त्या शोधत बसू नका. विजेचा अॅडॅप्टर शोधा, आणि तो कॅमेऱ्याच्या खाली लिहिलेल्या व्होल्टचाच हवा.

कॅसेट घालायच्या आधी रेकॉर्डिंगची सोय बंद करा. व्हीएचएसच्या पाठीवरची प्लास्टिकची खिटी तोडायची. ८ मिलिमीटरला सरकती खिटी असते, ती लाल खूण दिसेल अशी सरकवायची. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर खालचं चित्र कायमचं जातं.

हेड धुणं

याला मी जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या. व्हीसीआरमधला चकचकीत गोल ड्रम आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या कडेला नखाच्या टोकाहूनही लहान अशी हेड बसवलेली असतात आणि त्यांतली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. जुन्या टेपची भुकटी त्या फटीत बसली की पडद्यावर मुंग्या येतात. लोकांना वाटतं कॅसेट गेली. बऱ्याच वेळा कॅसेट ठीक असते, हेड तुंबलेलं असतं.

मशीनची पिन भिंतीतून काढा. वरचं झाकण उघडा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमध्ये मिळतं त्यात पाणी जास्त असतं, ते नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात विचारा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यांतलं काही चालणार नाही. मऊ चामड्याची क्लीनिंगची काडी मिळाली तर ती, नाहीतर गुळगुळीत कोऱ्या कागदाची दुमडलेली पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा. ती ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवा. पट्टी हलवायची नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली तर चुकूनही घासायचं नाही, हेडचा तुकडा उडतो आणि मशीन संपतं. कापसाची काडी ड्रमला लावू नका, धागा हेडमध्ये अडकतो. टेप ज्या बाकीच्या खांबांवरून आणि आवाजाच्या स्थिर हेडवरून जाते, तिथे कापसाची काडी चालते. पट्टी काळी येत राहील तोवर नवी घ्या. मग पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या.

बाजारात कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते. ती सॅंडपेपरच असते, रोज वापरायची वस्तू नाही.

कॅप्चर, म्हणजे कॅसेट वाजवत कॉम्प्युटरवर घेणं, चालू असताना चांगलं चित्र अचानक मुंग्यांनी भरलं तर लगेच थांबवा, हेड धुवा, पुन्हा सुरुवात करा. पुढे आपोआप सुटेल म्हणून चालू ठेवलं तर तीच घाण टेपवर घासत राहते.

पावसाळ्यात अजून एक काळजी. गार जागेतलं मशीन किंवा कॅसेट दमट खोलीत आणली की ड्रमवर दव बसतं आणि टेप चिकटते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेंबाची खूण दिसली तर कॅसेट काढून कॅमेरा तासभर उघडा ठेवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नये. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचे कोरडे महिने चांगले.

बुरशी आणि पुराचं पाणी

कृष्णाकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांनंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेटी आल्या. पाण्यात गेली म्हणजे गेलीच असं समजून लोक कॅसेट टाकून देतात, ते बघवत नाही. पट्टी प्लास्टिकची आहे आणि तिच्यावरचं चुंबकीय लिखाण पाण्याने पुसलं जात नाही. नुकसान करतो तो वाळलेला चिखल, बुरशी आणि आपली घाई.

पुरातून काढलेली कॅसेट उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही आणि मशीनमध्ये तर घालायचीच नाही. चिखल ओला असतानाच धुवायचा. एकदा वाळला की कण पट्टीवर चिकटून बसतात. व्हीएचएसच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. कॅसेट उलटी करून ते काढा, मग दोन्ही भाग धरून सुलटी करा आणि वरचं झाकण अलगद उचला. पट्टी कुठल्या खांबाच्या कुठल्या बाजूने गेलीय त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही चकत्या पट्टीसकट उचला आणि गार, स्वच्छ पाण्यात बुडवून हलकेच हलवा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड हवं, बॅटरीच्या दुकानात मिळतं. साबण नको, चोळणं नको. मग सावलीत स्वच्छ पंचावर उभ्या ठेवा, खोलीत हवा खेळती राहू द्या, पण पंख्याचा झोत थेट नको. पट्टीच्या थरांमध्ये पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे वाळायला बरेच दिवस लागतात. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीत बसवा. ती कॅसेट फक्त एकदाच वाजवायची असं धरून चाला, आणि त्याच वेळी कॅप्चर करा.

पुराशी संबंध नसलेल्या, नुसत्या माळ्यावर पडून असलेल्या कॅसेटला पांढरी बुरशी लागते. खिडकीतून चकतीवर राखेसारखे ठिपके दिसतात. अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घातली तर ती बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून कोरडी होऊ द्या. मग घराबाहेर, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने चकतीच्या कडा झाडा. हे काम घरात, विशेषतः दमेकरी माणूस असेल तर अजिबात करू नका. त्यानंतर एका जुन्या, यासाठीच ठेवलेल्या मशीनवर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा, आणि लगेच त्या मशीनचं हेड आणि खांब धुवा.

तुटलेल्या टेपला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पाघळून हेडवर जातो. स्प्लायसिंग टेप मिळते ती लावा, आणि पट्टीच्या मागच्या बाजूनेच, म्हणजे हेडला जी बाजू लागत नाही तिथे.

पिवळी पिन की एस-व्हिडिओ

पिवळी पिन, म्हणजे कॉम्पोझिट. तिच्यात उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात. कॅप्चर कार्डाला (सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीला) ते पुन्हा वेगळे करावे लागतात, त्यात लाल शालूच्या कडेला ठिपके रांगतात. एस-व्हिडिओत दोन्ही वेगवेगळ्या तारांतून येतात. हाय-८ आणि एस-व्हीएचएस कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं गोल भोक असेल तर तेच वापरा, फरक डोळ्याला दिसतो. एस-व्हिडिओतून आवाज येत नाही, त्यासाठी लाल-पांढऱ्या पिना वेगळ्या लावा. केबल शक्य तितकी आखूड आणि जाड घ्या.

यूएसबी कॅप्चर कार्ड घेताना एस-व्हिडिओ इनपुट आहे का बघा. बाजारात एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी स्वस्तात मिळते. ती मी वापरू देत नाही. आपलं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे ५० अर्ध्या फ्रेमचं. या डब्या ते ताणून ६० च्या हिशेबात बसवतात, त्यामुळे फुगडी घालणाऱ्या बायका दर क्षणाला अडखळल्यासारख्या दिसतात. एकदा तसं साठवलं की ते दुरुस्त होत नाही.

फायरवायरवाल्या कॅमेऱ्यासाठी कॉम्प्युटरला फायरवायर लागतं. नव्या लॅपटॉपला ते नसतं. यूएसबीची पिन लावलेली फायरवायर केबल विकतात, तिने काम होत नाही. जुना डेस्कटॉप घेऊन त्यात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा.

उभ्या रेषा दोरीसारख्या हलत असतील किंवा चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकत असेल, तर टेपवरची वेळ डगमगते आहे. यावर टाइम बेस करेक्टर लागतो. तो महाग आणि दुर्मीळ. त्याऐवजी पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस १० किंवा ईएस १५ हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडतात: व्हीसीआरमधून रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरमधून कार्डात. डिस्क घालायची नाही, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. रेषा सरळ होतात.

कॅप्चर

अॅनालॉगसाठी मी व्हर्च्युअलडब-२ वापरतो. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण एकही फ्रेम गळाली तर सांगतो. कॅप्चर मोडमध्ये जा. इनपुट कॉम्पोझिट की एस-व्हिडिओ ते निवडा. पद्धत पाल-बी निवडा. बरीच कार्डं सुरुवातीला एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या पद्धतीवर असतात, मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं आणि लोक कार्ड परत करायला निघतात. अमेरिकेहून कुणी पाठवलेली कॅसेट असेल तर ती मात्र खरंच एनटीएससी असेल. तिला ती वाजवणारं मशीन लागतं आणि माप ७२० बाय ४८० घ्यावं लागतं. आपल्या कॅसेटला ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. रंगाचा प्रकार वायूवाय-२. कॉम्प्रेशन हफवाययूव्ही किंवा लॅगारिथ, म्हणजे काहीही न गमावणारं. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट.

याची फाइल तासाला साधारण ३० जीबी होते. फायरवायरने घेतलेल्या डीव्हीची, म्हणजे मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ कॅमेऱ्यातून आलेली, तासाला १३ जीबी. जागा मोठी वाटते, पण टेप पुन्हा इतकी चांगली वाजेलच याची खात्री नाही, म्हणून एकदाच आणि पूर्ण घ्यायचं. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट-३२ वर ४ जीबीला फाइल अडकते आणि मंगलाष्टकांच्या मध्यात कॅप्चर थांबतं.

उजेडाची पातळी पहिल्या पाच मिनिटांत बघून घ्या. कार्डाची मूळ सेटिंग बहुधा जास्त भडक असते. मी गांधी टोपी बघतो. आपल्या लग्नात पहिल्या रांगेत दोन-चार तरी टोप्या असतातच. टोपीची घडी दिसायला हवी. घडी दिसत नसेल आणि टोपी नुसती पांढरा ठिपका झाली असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा. मग काळ्या कोटाच्या सुरकुत्या बघा, त्या बुडाल्या असतील तर ब्राइटनेस थोडा वाढवा. व्हर्च्युअलडबमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख आहे, तो चालू ठेवला की दोन्ही टोकं दिसतात. चित्र थोडं फिकं वाटलं तरी चालेल, रंग नंतर भरता येतो. जळलेला पांढरा परत येत नाही.

कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, ताण सारखा होतो. व्हीसीआरचं ट्रॅकिंग हाताने फिरवून पट्टे नाहीसे करा. ८ मिलिमीटरला ते आपोआप होतं. लॅपटॉपचं वायफाय, अपडेट आणि झोपायची सेटिंग बंद करा. मग प्ले दाबा आणि कॅसेट संपेपर्यंत चालू द्या. मध्ये पॉज करून बघत बसू नका, पॉजमध्ये हेड एकाच जागी टेप घासत राहतं. फ्रेम गळाल्याचा आकडा मधूनमधून बघा. दोन शूटिंगमधल्या कोऱ्या जागेत एखाद-दुसरी गेली तर हरकत नाही. सतत गळत असतील तर पुढे ओठ आणि आवाज जुळणार नाहीत, तेव्हा थांबवून डिस्क किंवा यूएसबीची जागा बदला.

ओबीएस या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरनेच करायचं असेल तर त्याची मूळची १९२० बाय १०८० आणि ३० फ्रेमची सेटिंग तशीच ठेवू नका. कॅनव्हास ७६८ बाय ५७६, फ्रेम रेट ५० पाल, आणि स्रोतावर राइट-क्लिक करून डीइंटरलेसिंग यादिफ २एक्स.

आवाज

साध्या व्हीएचएसचा आवाज टेपच्या वरच्या कडेला एका अरुंद पट्ट्यात असतो, आणि पाल टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटरने चालते. ऑडिओ कॅसेट ४७.६ मिलिमीटरने चालते. निम्म्या वेगामुळे आवाज दबका येतो, आणि कड चुरगळली असेल तर डुगडुगतो. व्हीसीआर हाय-फाय असेल आणि रेकॉर्डिंगही हाय-फाय असेल तर आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण तो आवाज फिरत्या हेडने लिहिलेला असतो. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणाऱ्या संगीत सभेसारखं काही तुमच्याकडे असेल, तर केवळ आवाजासाठी हाय-फाय मशीन शोधा. तंबोऱ्याची जवारी दबक्या पट्ट्यातून ऐकू येत नाही. व्हिडिओ-८ आणि हाय-८ चा आवाज मुळातच चित्राबरोबर फिरत्या हेडने लिहिलेला असतो, म्हणून घरगुती कॅसेटीत तो बरा असतो.

घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पुष्कळदा तिथेच थांबते. नाही थांबली तर व्हीसीआर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम चालू ठेवू नका, त्याची भुणभुण आवाजात उतरते. गावाकडे थ्री फेजचं वेळापत्रक बघूनच कॅसेट लावावी.

एडिटिंग

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची कॉपी घेऊन काम करायचं. केडीएनलाइव्ह किंवा शॉटकट फुकट आहेत आणि पुरतात. प्रोजेक्ट ४:३ चा ठेवा, टीव्हीभर ताणू नका, माणसं रुंद दिसतात.

हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते दोष नाहीत. अॅनालॉग चित्र दोन अर्ध्या फ्रेमनी बनतं म्हणून ते दिसतात. डीइंटरलेस करताना, म्हणजे ते दात काढताना, २५ ऐवजी ५० फ्रेम ठेवा, म्हणजे हालचाल टीव्हीवर दिसायची तशी मऊ राहते. हँडब्रेकमध्ये बीडब्ल्यूडिफ, बॉब आणि फ्रेम रेट ५० निवडलं की होतं. अजून चांगलं हवं असेल तर हायब्रिड नावाच्या सॉफ्टवेअरमधून क्यूटीजीएमसी करा, वेळ लागतो पण निकाल सुंदर येतो. कार्डाने घेतलेल्या फाइलला बहुधा वरची फील्ड (अर्धी फ्रेम) पहिली असते आणि डीव्हीला खालची. उलटं निवडलं तर चालणारा माणूस मागे-पुढे थरथरतो, त्यावरून ओळखता येतं.

चित्राच्या तळाशी फाटलेली पट्टी दिसते ती हेड बदलण्याच्या जागेची. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड जायची. ती काळ्या पट्टीने झाका.

चित्र मोठं आणि लखलखीत करणारी नवी एआय सॉफ्टवेअर घरच्या कॅसेटला लावू नका, असं माझं ठाम मत आहे. मांडवात दूर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा टेपवर मोजक्या ठिपक्यांत आहे. सॉफ्टवेअर त्या जागी स्वतःच्या मनाचे डोळे आणि ओठ बसवतं. चेहरा स्पष्ट होतो, पण तो आजीचा राहत नाही. थोडा रंग सुधारा, थोडा आवाज साफ करा आणि तिथेच थांबा. नको असलेला भाग कापतानाही, जेवणाच्या पंगतीचं लांबलचक शूटिंग आधी कापू नका. लग्नातले सगळे पाहुणे ओळीने आणि जवळून दिसतात ते फक्त तिथेच.

साठवण

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि दोन्ही एकाच घरात नकोत. सांगलीत नदीजवळ राहत असाल तर एक डिस्क विट्याच्या किंवा जतच्या पाहुण्यांकडे द्या. कॅसेट टाकून देऊ नका. पूर्ण रीवाइंड करून, उभी, कपाटात मधल्या खणात ठेवा, स्पीकरपासून लांब.

फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि कुणाचं काय ते लिहा. मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून ती फाइल दाखवा आणि कोण कोण दिसतंय ते मिनिटांसकट वहीत लिहून घ्या. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेल्या आपल्या विटा-खानापूरच्या घरांत निम्मे पाहुणे पुढच्या पिढीला ओळखूच येत नाहीत. ती वही स्कॅन करून डिस्कमध्ये त्याच फोल्डरमध्ये टाका.

नातेवाइकांना पाठवताना एच.२६४ ची (मोबाईल-टीव्हीवर चालणारी लहान) वेगळी फाइल बनवा आणि पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो दाबून लहान करतो. तिथूनच पाठवायचं असेल तर तुकडे करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.